दित्या शेणाच्या विहिरीत उतरला

पाटलाने माझ्या थोबाडीत मारली. कारण माझ्या हातात कोंबडी होती.

टोपलीखाली झाकून आणली होती. माझीच, घरची. टोपली उडाली आणि कोंबडी फडफडत पाटलाच्या ओट्यावर चढली. आतून पाटलाची आई ओरडली, ओटा बाटला. पाटलाच्या मुकादमाने काठीने कोंबडी हुसकली. मग तीच काठी माझ्या पाठीत घातली. दोनदा. अंगणात चौदा-पंधरा माणसं उभी होती. सगळी आमची, भिलाटीतली, भिलांच्या वस्तीतली. कुणी हललं नाही. माझा नवरा दित्या, तोही नाही. मान खाली घालून उभा.

पाटील म्हणाला, "आठे जीव माराना नही. आम्हना घरमा कधी कोंबडी कापेल नही."

मी म्हणाले, "कापाले नही आनी, पाटील. विहीरमा सोडाले आनी. ती जगनी तं मंग माणूस उतारा."

त्याला कळलं होतं मी काय म्हणते ते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ती विहीर पाण्याची नव्हती. शेणाची होती.

आमचं गाव तापीकाठचं. सारंगखेड्याहून चालत निघालं तर अर्धा दिवस. तेव्हा तिकडे कुठेतरी लढाई चालली होती आणि इकडे घासलेट मिळत नव्हतं. पाटलाने गुजरातेत नातेवाइकांकडे काहीतरी पाहिलं आणि येताना एक शिकलेला माणूस सोबत आणला. त्याने गोठ्यामागे दोन पुरुष खोल खड्डा खणायला लावला. आतून विटा बांधल्या. वर लोखंडाची भलीमोठी टाकी पालथी घातली. एका बाजूने शेण-पाणी कालवून आत सोडायचं. ते आत कुजायचं, त्याचा वारा धरायचा, टाकी हळूहळू वर उचलली जायची. तो वारा नळीतून पाटलाच्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या बाजूने जो पातळ रबडा निघायचा तो केळीला.

खड्डा खणला दित्याने. तो पाटलाचा सालदार, वर्षभराचा बांधलेला गडी. शेण कालवायची मी. चाळीसेक ढोरांचं शेण. कोपरापर्यंत हात घालून त्यातली काडी न् काडी वेचायची. हाताला भेगा पडायच्या, भेगांत शेण जायचं, रात्रभर ठणकायचं.

खोटं कशाला सांगू, ज्या दिवशी ते पहिल्यांदा पेटलं त्या दिवशी मला आनंद झाला होता. आत जायची सोय नव्हती. मागच्या खिडकीतून पाहिलं. निळा जाळ. धूर नाही, काजळी नाही. माझ्या हातातल्या शेणाचा जाळ! घरी येऊन दित्याला सांगितलं तर तो हसला. आम्ही घरी भिलीत बोलायचो. म्हणाला, "विहीर मी खणली, शेण तू कालवलं, चहा पाटील पितोय."

हसण्यासारखं तेवढंच होतं. आधी गोठ्यातलं एक टोपलं शेण रोज आम्हा बायांना मिळायचं. त्याच्या गोवऱ्या थापायच्या, त्यावर भाकरी. विहीर झाली आणि ते बंद झालं. मुकादम फाटकात उभा राहून टोपली तपासायचा. पाटलाच्या घरातला धूर गेला. आमच्या घरातली चूलच गेली. पावसाळ्यात कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुंकून माझ्या सासूचे डोळे गेले.

दुसऱ्या वर्षी जाळ मंद झाला. खाली गाळ बसला होता. आणि एका सकाळी निरोप आला, उद्या मोठे साहेब ती विहीर बघायला येणार. पाटलाने भिलाटी रिकामी करून सगळ्यांना बोलावलं. दोरांनी टाकी उचलून बाजूला टेकवली. दुपारपर्यंत बादल्यांनी रबडा उपसला. तळाला घट्ट गाळ राहिला. तो फोडायला कुणीतरी आत उतरायचं होतं. मुकादमाने दित्याचं नाव घेतलं. विहीर त्याने खणली, मग त्यानेच उतरावं.

माझा बाप विहिरी खणायचा. त्याचं मी लहानपणापासून ऐकलेलं. झाकून राहिलेल्या विहिरीत एकदम माणूस उतरवायचा नाही. आधी कंदील सोडायचा. विझला तर आत हवा नाही. पण इथे कंदील चालणार नव्हता. तो वारा भडकतो म्हणून पाटलाने तिथे विडीसुद्धा ओढू दिली नव्हती. म्हणून मी पळत घरी गेले आणि कोंबडी आणली.

पुढचं सांगितलंच.

मार खाऊनसुद्धा मी म्हणाले, "निदान दोर बांधा त्याले."

मुकादम म्हणाला, "दोर टाकीले बांधेल शेतस. येळ नही."

दित्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाऊ दे. मी उतरस."

बांबूच्या शिडीवरून उतरला. खालून एकदा आवाज आला, "वास शे." मग फावड्याचा एक घाव. दुसरा घाव आला नाही.

मी वाकून पाहिलं. तो पालथा पडला होता. तोंड गाळात.

माझ्या दिराने शिडीवर पाय ठेवला. मी त्याचे केस धरून त्याला मागे ओढला. जोरात ओढला, मूठभर केस हातात आले. तो उतरला असता तर दोन मढी काढावी लागली असती. घागरी काढायचा लोखंडी गळ तिथे पडला होता. मी तो खाली सोडला. दोनदा कपड्यात अडकला आणि कपडा फाटला. तिसऱ्यांदा खांद्यात घुसला. मी ओढला. मला कळत होतं तो कशात घुसलाय. तरी ओढला. दिराने ओढला. आम्ही त्याला तसा वर काढला, खांद्याचं मांस फाडत. छातीवर पालथी पडून मी हाका मारल्या. तोंडात बोटं घालून शेण काढलं. तो गेलेला होता.

पाटील लांब उभा होता. नाकाला उपरण्याचं टोक. कोंबडीचा जीव जाऊ नये म्हणून ज्याने मला मारलं तो. तिथून तो मुकादमाला म्हणाला, "हाई आजच निस्तर. सकाळले साहेब येनार शेतस."

दिवस मावळायच्या आत फौजदार आला. ओट्यावर चहा प्याला. मग मुकादमाने तोंडाने सांगितलं आणि फौजदाराने लिहिलं, "दारू पेल व्हता. पाय घसरना, पडना."

मी म्हणाले, "मन्हा माणूस दारू पेल नही व्हता. ह्यास्नी त्याले उतारं."

फौजदार म्हणाला, "बाई, तुला सही येत नाही ना? मग अंगठा दे आणि मोकळी हो."

मुकादमाने माझं मनगट पकडलं. अंगठा शाईत दाबला. कागदाकडे ओढू लागला. मी त्याच्या हाताला चावले. सोडला नाही. दातांना हाड लागेपर्यंत चावले. तो गुरासारखा ओरडला. त्याने लाथ घातली, बरगडीत कट्कन आवाज झाला. मी पडले. पडले तिथे हाताशी पहार होती.

मी उठले ती टाकीकडे गेले. पहिला घाव सांध्यावर. दुसरा तिथेच. पत्रा फाटला. मी घाव घालत राहिले. तोंडात मुकादमाचं रक्त, आणि बोलत काय होते मला आठवत नाही. मुकादम काठी घेऊन धावला. पण मध्ये माझा दीर उभा राहिला. मग आणखी एक. मग सगळे. दुपारी ज्यांनी माना खाली घातल्या होत्या तेच. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात दगड. मुकादम थांबला. पाटील आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्या दाराचा आवाज मी ऐकला. पाटील आम्हाला भितो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

फौजदाराने मला बांधून नेलं. टाकी फोडली म्हणून शिक्षा झाली. माणूस मारला म्हणून कुणालाच झाली नाही. कागदावर अंगठा कुणाचातरी उठवला. माझा नव्हे. धुळ्याच्या तुरुंगात मी दळण दळलं. दित्याला अग्नी दिला तेव्हा मी नव्हते.

सुटून आले तर नवी टाकी बसली होती. निळा जाळ परत चालू.

मग एक दिवस मुकादम भिलाटीत आला. हाताला वाकडी बोटं. म्हणाला, परत गाळ बसलाय, टाकी उचलायची आहे, माणूस पाहिजे. कुणी उठलं नाही. तो घरोघर फिरला, शिव्या देऊन झाल्या, सालातून काढण्याची धमकी झाली. कुणी उठलं नाही. तेव्हा पाटलाने खांडबाऱ्याकडून दोन गडी मागवले. मी पहाटेच गावाबाहेर रस्त्यावर जाऊन बसले. ते आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. माणूस कसा पडतो, किती वेळात पडतो, नंतर कागदावर काय लिहितात. थोरला म्हणाला, "आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं." दोघं आल्या वाटेने परत गेले.

तेव्हापासून माझं काम ठरलं. जिथे अशी विहीर खणली जाईल तिथे मी जाणार. शेणातून जाळ निघतो यात वाईट काही नाही. निघू दे. पण जे शेण कालवतात त्यांच्या घरात तो आधी पेटला पाहिजे. आणि गाळ काढायला मालकाने स्वतः उतरावं, नाहीतर विहीर बुजवावी. आमच्यातला एकही माणूस मी आता आत जाऊ देणार नाही. पाटलाला मला परत तुरुंगात घालायचं असेल तर घालावं. सुटल्यावर मी सरळ त्याच रस्त्यावर येऊन बसेन.