मामा, सुलतान आणि घशातलं हाडूक

जगात कुठं बी, कुठलं बी जनावर खोकलं की त्याचं कारण आमच्या मामांना तिथल्या तिथं कळतं. आणि ते कारण कायम एकच असतं. घशात हाडूक अडकलंय! दुसरा आजार देवानं तयारच केला नाही. एकदा मांजरसुंब्याला ढाब्यावर आम्ही चहा पीत होतो, मागं कुठंतरी एक कुत्रं खोकलं. मामांनी बशी खाली ठेवली, डोळे मिटले, दुसरा खोकला येईपर्यंत थांबले आणि म्हणले, "कोंबडीचं हाय. तंगडीचं." तंगडीचं! एवढी भारी एक्स-रे मशीन चौसाळ्याच्या माळावर नुसती मेंढरं राखतीय, बघा.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मेंढरांतलं त्यांना खरंच कळतं, खोटं कशाला बोलू? कळपात मागं एखादी मेंढी खोकली तर न बघता सांगतात कुठली ते. लफडं एवढंच की कुत्रं आणि मांजर म्हणजे त्यांच्या लेखी वाया गेलेली मेंढरं. मेंढरू शहाणं, पाला खातं. ही दोघं हाडकं खातात, मग खोकणार नाही तर काय!

आमच्या नेकनूरच्या घरी बिजली नावाची मांजर हाय. ती मधी एकदा मान लांब करून, जमिनीला चिकटून खोकायला लागली. मामा नेमके आले होते. लांबूनच निकाल दिला, "हाडूक."

आई म्हणली, "आरं, दूध-भाकरीशिवाय कशाला तोंड लावत न्हाई ती."

"उंदराचं आसंल, आक्का."

आणि खिशातून स्वतःची तापाची गोळी काढून अर्धी मोडली सुद्धा! आईनं झडप घालून हिसकावली म्हणून बरं. मी जनावरांच्या दवाखान्यात विचारलं तर डॉक्टरबाई ओरडल्याच. माणसाची तापाची गोळी मांजराच्या जिवावर उठते म्हणे. बिजलीला दमा होता, तो चुलीच्या धुरानं वाढत होता. आईनं चूल परसात नेली, बाईंनी औषध दिलं, खोकला कमी झाला. मी लई खुशीत मामांना फोन केला. मामा म्हणले, "म्हंजे, पडलं का हाडूक?"

तर असे मामा. आणि त्यांचा सुलतान. कळपाचं कुत्रं, लांडग्याच्या अंगावर जाणारं. पावसाळ्यापासून तो खोकायला लागला. घोगरा आवाज, शेवटी ओकारी आल्यासारखं करायचा, बाहेर काहीच पडायचं नाही. मग काय, मामांना जन्मात एकदाच येणारी संधी! रोज सकाळी कोपरापर्यंत हात त्याच्या तोंडात. आणि हा लांडग्याला फाडणारा गडी आ वासून, डोळे मिटून गप उभा. हाडूक काही सापडायचं नाही. "खाली सरकलं," मामा म्हणायचे, आणि त्याचा काटेरी पट्टा परत आवळायचे. लांडगा गळा धरतो, म्हणून कळपाच्या कुत्र्याला लोखंडी काट्यांचा पट्टा असतो. मामा एक वेळ स्वतःचा फेटा काढतील, सुलतानचा पट्टा नाही.

दिवाळी झाली. मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघायला आठ दिवस राहिले, पुढं सहा-सात महिने चालणं. आणि सुलतान मामांच्या राहायच्या पालापासून समोरच्या लिंबापर्यंत जाऊनच दमून खाली बसायला लागला. मी म्हणलं, "मामा, दवाखान्यात नेऊ."

"डॉक्टरला काय कळतंय हाडकातलं, पोरी?"

पण टेम्पो त्यांनीच बोलावला.

डॉक्टरबाई छातीला नळी लावून ऐकत होत्या आणि मामा वरून सांगत होते, "बाई, जरा वर ऐका. घशात हाय."

"काका, खोकतो कवा? खाताना?"

"न्हाई. आडवा झाला की."

"मग हाडूक काय त्याच्या झोपायची वाट बघतंय का?"

मामांनी वाकून सुलतानच्या तोंडात परत एकदा बघितलं. मला हसू येणार होतं, तेवढ्यात बाईंनी सांगितलं की सुलतानचं काळीज थकलंय. रोज गोळ्या, आराम, चालणं बंद. आणि तो पट्टा आधी काढा, श्वासनळी दाबतोय.

"पट्टा काढला तर लांडगं खातील त्याला," मामा म्हणले.

"पट्टा घालून कळपामागं चालवला तर वाटंतच मरंल, काका."

मामांनी लई वेळ लावला पट्टा सोडायला. काटा बोटात घुसला, रक्त आलं, पण मला हात लावू दिला नाही. पट्ट्याखालचे मानेवरचे केस पार झिजलेले. तिथं अंगठा फिरवत मामा म्हणले, "का सांगितलं न्हाईस रं?"

सुलतान आता आमच्याकडं असतो. जाताना मामांनी त्याच्याकडं बघितलं नाही, आईला एवढंच म्हणले, "गोळी गुळात दे."

बाईंनी सांगितलंय, तो झोपला की मिनिटभर श्वास मोजायचे, तीसच्या वर गेले तर घेऊन या. रोज दुपारी तो पडवीत झोपतो आणि तेवढ्यात मामांचा फोन येतो, कुठल्यातरी रानातून. मागं मेंढरांचा कालवा. मी कशी हाय, आई कशी हाय, काही विचारत नाहीत.

"मोज," म्हणतात.

मी घड्याळ लावून मोजते. तेवढं मिनिट तिकडून नुसती मेंढरं ऐकू येतात.

"बावीस, मामा."

"बरं."

मला वाटतं, आता ठेवतील. ठेवत नाहीत.

"आजून एकडाव मोज," म्हणतात.