बागेत आई नव्हती

निवृत्त झाल्यावर मी घरामागच्या कातळावर बाग करायला घेतली. रत्नागिरीच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, त्यामुळे हात स्वस्थ बसत नव्हते. नुसती झाडं लावायची नव्हती. वाटेनं चालता चालता वडिलांचं आयुष्य कळावं, अशी बाग हवी होती. वडील स्वतःच्या मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान होते. त्यांना जाऊन दहाएक वर्षं झाली होती.

कातळावर माती ठरत नाही, म्हणून आधी चिऱ्याचे वाफे बांधले. वाटेच्या तोंडाशी त्यांच्या मचव्याचा गंजलेला नांगर ठेवला. पुढे उघड्या कातळावर, आपल्याकडच्या जुन्या कातळशिल्पांत असतात तशा रेषांनी, छिन्नीनं मासे कोरले. भिंतीवर फुटक्या कपबश्यांचे तुकडे बसवून वादळात सापडलेला मचवा केला. होडीला ज्याचं तेल लावायचे, ते उंडीचं झाडही लावलं. या सगळ्यात दोन वर्षं गेली. गणपतीला मुंबईहून आलेले भाऊबंद फोटो काढून थकले.

आईचे गुडघे गेले होते. ती स्वयंपाकघराच्या दारातूनच बघायची. एका दुपारी काठी टेकत आली, शेवटापर्यंत चालली आणि म्हणाली, "सगलं बगितलं. मी कुठं हाय ह्यात?"

मी हसलो. "आये, ही बाबांची गोष्ट आहे."

"मचवा फुटला. मग पुढं?"

"पुढे दुसरा घेतला ना."

"दुसरा घेईपर्यंत तीन वर्षं गेली. तुजा बाप पडवीत बसून होता. तुज्या रंगाच्या पेट्या कुठनं आल्या रे?"

डोक्यावर माशांची पाटी घेऊन ती दारोदार फिरायची, तिथून आल्या होत्या. हे मला माहीत नव्हतं थोडंच? मी सातवीत असताना शाळेजवळच्या गल्लीत ती समोरून आली होती. तिनं मला हाक मारली. बरोबर मित्र होते. मी ऐकलंच नाही असं दाखवून दुसऱ्या गल्लीत वळलो. तिनं ते पाहिलं होतं. त्यावर ती कधी बोलली नाही, मीही नाही.

आणि बागेत मी तिला विसरलो होतो, असंही नाही. पहिल्या आराखड्यात उंडीखाली पाटी घेतलेली एक बाई काढली होती. मग रबरानं खोडली. रचनेत बसत नाही, असं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत मी सिमेंटची बाई घडवली. डोक्यावर पाटी, कासोटा, कमरेवर हात. आईला बघायला बोलावलं. ती पुढच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली होती. वळलीही नाही.

"बोलल्यावर केलंस. ऱ्हाऊ दे."

मी विनवलं, रागावलोही. "एवढी मेहनत घेतली, एकदा बघ तरी."

"मेहनत काय मला सांगतोस?" एवढंच म्हणाली. पुढचं दीड वर्ष ती होती, पण मागच्या दाराला फिरकली नाही.

आता बाग बघायला ओळखीचे-अनोळखी लोक येतात. नांगराजवळ थोडा वेळ थांबतात आणि त्या बाईपाशी जास्त. परवा एका शिक्षिकेनं विचारलं, "आईंना किती आनंद झाला असेल ना हे बघून?"

"हो, झाला ना," मी म्हणालो.