बंदुकीखालच्या पिशव्या

माझ्या मोठ्या भावाचे हात कापतात. कंपवात आहे, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की गोळ्यांनी थोडं लांबेल, थांबणार नाही. या माणसानं आयुष्यभर बुलढाण्यातल्या कॉलेजच्या पोरांना एअर रायफल शिकवली. मलाही त्यानंच शिकवली. आता त्याला चहाची बशी धरता येत नाही, पण हट्ट एकच: दहा मीटरवरच्या कागदावर, काळ्या गोलाच्या मधोमध, एकदा तरी छर्रा बसला पाहिजे.

उभ्यानं ते होणार नव्हतं. म्हणून टेबल, खुर्ची आणि बंदुकीखाली दोन पिशव्या. पुढे एक जाड, मागे, खांद्याला टेकतो त्या दस्त्याखाली, एक लहान. स्पर्धेत असला टेकू चालत नाही, पण स्पर्धेचं नाव कोण घेत होतं? तयार पिशव्यांची किंमत बघून मी मोबाइल पालथा ठेवला आणि शिलाई मशीन काढलं.

त्याच्याच जुन्या जीन्सचा पाय कापला, शेजारच्या बांधकामावरची रेती चाळून भरली. ती नीट वाळलीच नव्हती.

"रेती वल्ली हाय," तो म्हणाला. "बंदूक ठेवली का खड्डा पडते, मंग तो तसाच राह्यते."

मग गहू भरला. इथे मी अक्कल गहाण ठेवली. धान्य साठवायचं म्हटलं की आमचा हात आपोआप एरंडेलाच्या बाटलीकडे जातो. तेल चोळलं की कीड लागत नाही. मीही परातीत गहू घेऊन छान चोळला आणि पिशव्या शिवून टाकल्या. तेल कापडातून बाहेर आलं. बंदूक टेकवली की घसरायची, आणि तिच्या लाकडाला एरंडेलाचा वास लागला तो अजून गेलेला नाही.

"गव्हाले एरंडेल काऊन लावलं वं? बंदुकीले जुलाब द्याचा हाय का?"

"कीड लागते म्हणून. घरी लावतोच ना आपण."

"मंग आता पोयाच कर त्याच्या."

तो इतका हसला की खुर्ची करकरली. मीही हसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटत होतं. पिशवी चुकली होती, आणि पिशवी दुरुस्त करता येते.

मग पुन्हा रेतीच घेतली. या वेळी ती धुतली, गच्चीवर वाळवली, वर कढईत भाजून घेतली. कापडाला दुहेरी शिवण घातली. मागच्या पिशवीला जुन्या पर्सचं चामडं लावून दोन उंच कडा केल्या, दस्ता त्यांच्यात बसावा म्हणून. कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर सगळं मांडलं आणि आधी मीच डोळा लावून पाहिलं. काळा गोल जागच्या जागी होता, जराही हलत नव्हता. मला आशा वाटली. वाटायला नको होती.

त्यानं दस्त्याला गाल टेकवला आणि सगळी बंदूक थरथरायला लागली. पिशव्या खालून सांभाळत होत्या. वरून त्याचा गाल, खांदा, बोट, सगळंच कापत होतं. छर्रा कागदाच्या बाहेर, मागच्या पुठ्ठ्यात गेला. पुन्हा मारला, पुन्हा पुठ्ठा. थोडं थांबून, श्वास सोडून मारला. तेच.

"पिशवीच हालून राह्यली थोडी," तो म्हणाला.

"हाव. अजून दाबून भरते," मी म्हटलं. पिशवी हलत नव्हती. पण त्याला असंच वाटत राहणार असेल, तर मी जन्मभर पिशव्या शिवायला तयार होते.

तो खुर्चीतून उठला. "तू मार. मी पाह्यतो."

मी बसले. श्वास सोडला, ट्रिगर दाबला, जसं त्यानं शिकवलं होतं तसं. मुद्दाम चुकवायला हवं होतं हे छर्रा सुटल्यावर सुचलं.

तो कागदापर्यंत हळूहळू चालत गेला. भोक काळ्या गोलाच्या बरोबर मधे होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं, तसा सगळा कागद फडफडायला लागला. मग त्यानं हात खिशात घातला.

"पिशवी बराबर हाय," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं मला दुसरी पिशवी शिवायला सांगितलेलं नाही.