मास्तरांचा अडकित्ता

रत्नागिरीत माझ्या इंग्रजीची परीक्षा अडकित्त्यावर व्हायची.

मी घाटावरचा. वडील गेले, इंग्रजी तिसरीतच शाळा सुटली, आणि कुणाच्या तरी ओळखीनं बंदरावरच्या आंब्याच्या पेढीत येऊन चिकटलो. शेठनी कारकुनी दिली, वखारीच्या माडीवर निजायला जागा दिली. ते उपकार विसरलेलो नाही. शेठना इंग्रजी येत नसे, म्हणून आगबोट कंपनीला जाणारं प्रत्येक पत्र आधी शेजारच्या पेन्शनर मास्तरांच्या पडवीत जाई. त्यांना दिसायचं कमी. मी वाचायचो, ते सुपारी कातरत ऐकायचे. वाक्य खटकलं की अडकित्ता थांबे. "साहेब असं बोलत नाही," एवढंच म्हणत. माझं पत्र असलं की सुपारी फारशी कातरून होत नसे.

एका मोसमात शेठनी गावातलाच एक मॅट्रिक झालेला तरुण ठेवला. त्याची पहिली दोन पत्रं मीच वाचून दाखवली. अडकित्ता एकदाही थांबला नाही. पाऊस लागला की पेढीत एकाच कारकुनाचं काम उरतं, हे मला ठाऊक होतं.

मग आंब्याच्या करंड्या धक्क्यावर उन्हात पडून राहतात, अशी तक्रार आगबोट कंपनीला लिहायची होती. 'ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स' हे शब्द शेवटच्या वाक्यात नीट बसावेत म्हणून मी तीन दिवस घालवले. पडवीत गेलो.

"कुणाचं?" मास्तरांनी विचारलं.

"नव्याचं," मी म्हणालो.

सुपारी शेवटपर्यंत कातरली गेली.

"बेस. त्या घाटावरच्याला दाखव हे. शिकेल," वाचणारा कोण हे विसरून मास्तर म्हणाले.

"मीच वाचतोय, मास्तर."

"मग शीक."

पायरी उतरेपर्यंत हसू येत होतं. अंगणाचं बेडं उघडताना कळलं, हे सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी मास्तर काठी टेकत पेढीवर आले आणि शेठकडे नव्याची तारीफ केली. शेठ लगेच त्याला म्हणाले, "यापुढं पत्रं तूच लिही." मला म्हणाले, "तू पाऊस लागेपर्यंत करंड्या बघ."

नव्यानं तक्रारीचा कागद उचलला, वाचला.

"शेठ, हे माझं नाय. यांचं आहे."

"मग काल तुझं नाव का सांगितलंन?" मास्तर म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. "तुम्ही वाक्य ऐकता की माणूस, ते बघायचं होतं," मी कसंबसं म्हणालो.

मास्तरांनी काठी चाचपली. "दोन्ही ऐकत असेन," म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

शेठनी पत्रं माझ्याकडेच ठेवली. पावसाआधी नव्याला मुंबईत चांगली जागा मिळाली, आणि माझी इथली टिकली. निघताना तो मला त्याची डिक्शनरी देऊन गेला. अजून वापरतो.

त्याचे उपकार मी मानतो. पण मॅट्रिक तो, इंग्रजीचा कान त्याला, आणि वर खरं बोलणंही त्यालाच इतकं सहज जमावं, हे मला आजही सलतं.