एकशेवीस आणि साठ

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी कधी कुणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल माफ करावं.

येडशीच्या फाट्यावर आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, आता घरीच स्टार्टर दुरुस्त करत बसतात. मला मात्र पत्र्याखालचा तो तापलेल्या वायरचा वास अजून हवाहवासा वाटतो. मी दुकानात जायची ती मीटर वाचायला. त्यांचे दोन्ही हात इंजिनात अडकलेले असायचे आणि मी बाजूला उभी राहून आकडे सांगायची. गिऱ्हाईक समोर असलं की माझा आवाजच फुटत नसे. मग मी खडूनं पाटीवर आकडा लिहून त्यांच्यापुढं धरायची.

नव्या गाड्यांत इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, असे कॉम्प्युटरचे डबे असतात. पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून ते एकमेकांशी बोलतात. मालकांनी मला एवढं शिकवलं होतं, की बॅटरी सोडवून त्या दोन वायरींना मीटर लावायचा. मीटरवर साठ ओहम आलं तर दोन्ही टोकांचे डबे जोडलेले आहेत. एकशेवीस आलं तर एक टोक तुटलेलं आहे.

स्टेशनावर उतरलेले भाविक तुळजापूरला नेणारे एक गाडीवाले होते. ते एकदा सकाळीच गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, डॅशबोर्डावर दिवाळी लागलीय बघा. समदे दिवे! काटा मधेच झोपतोय."

मालकांनी स्कॅनर लावला. इंजिनाचा डबा बोलला, ब्रेकचा बोलेना. मीटर एकशेवीस. "ब्रेकचा डबा गेला," मालक म्हणाले. गाडीवाल्यांनी गाडीच्या हप्त्याला ठेवलेले पैसे काढून दिले. मालकांनी सोलापूरहून नवा डबा आणला, बसवला आणि माझ्याकडं बघितलं. मी पाटीवर लिहिलं, एकशेवीस.

असला माल एकदा घेतला की दुकानदार परत घेत नाहीत. गाडी तिसऱ्या दिवशीही आमच्या दारात उभी, पौर्णिमेची गर्दी तोंडावर आलेली. गाडीवाले समोरच्या हॉटेलात चहावर चहा पीत बसले होते.

मालकांनी जुना आणि नवा, दोन्ही डबे सुटे ठेवून मीटरनं तपासले. दोन्ही धड होते. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे मधीच कुठंतरी हाय. म्या वायर हलवतो, तू बोलत ऱ्हा."

"एकशेवीस. एकशेवीस. एकशेवीस. साठ! अहो, साठ!"

"हात काढतो. आता?"

"परत एकशेवीस."

इंजिनाच्या मागं वायरींचा एक जोड होता. त्यांनी तो उघडला. आत हिरवा गंज चढला होता आणि जोडाच्या कडेला एक गुलाबी दाणा चिकटला होता.

मी तो लगेच ओळखला. मागच्या खंडेनवमीला आम्ही हत्यारांची आणि दारातल्या गाड्यांची पूजा केली होती. घरात तांदूळ नव्हते, म्हणून जावेच्या लेकीच्या लग्नातल्या उरलेल्या ज्वारीच्या अक्षता मी नेल्या होत्या. जावेनं त्या गुलाबी रंगात रंगवल्या होत्या. ह्याच गाडीचं बॉनेट तेव्हा उघडं होतं. नारळ फोडून त्याचं पाणी मीच इंजिनावर ओतलं होतं, एक थेंबसुद्धा मागं न ठेवता. फार मनापासून ओतलं होतं.

मालकांनीही दाणा ओळखला. तो त्यांनी नखानं काढला, ब्रशनं जोड घासला. खाली बघतच म्हणाले, "पावसाचं पाणी शिरलं म्हणून सांगू."

मी सवयीनं पाटी आणि खडू हातात घेतला. गाडीवाले रस्ता ओलांडून आले. दिवे विझलेले बघून त्यांनी बॉनेटला हात लावून नमस्कार केला. "काय झालतं, मिस्त्री?"

मालक ब्रशच पुसत राहिले. माझ्या हातातला खडू मोडला.

"म्या नारळाचं पाणी ओतलं होतं, खंडेनवमीला," मी म्हणाले. "त्यानं जोड गंजला. डबा चांगलाच होता, भाऊजी."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "वहिनी, तुमाला बोलता येतंय व्हय? मला वाटलं, मिस्त्रींनी पाटीच केलीय बायकू!" मग हसू आवरून म्हणाले, "नारळ तर म्याच आणून दिला होता. जाऊ द्या."

"जाऊ कसं देऊ?" मालक एकदम बोलले. "पाणी हिनं ओतलं, पण डबा म्या सांगितला. जोड न बघता सांगितला. पैसे तुमचे बुडणार न्हाईत."

जुना डबा गाडीत परत बसला, नवा विकायला फळीवर गेला. दर मंगळवारी तुळजापूरहून परतताना गाडीवाले दुकानापुढं थांबत, इंजिन चालूच ठेवून. मी गाडीच्या खिडकीतून जमतील तेवढे पैसे देई. "साठ का एकशेवीस, वहिनी?" ते विचारत. "साठ," मी म्हणे. मागं बसलेल्या बायकांना काहीच कळत नसे. त्या मला कुंकू लावत, कधी पेढा देत, पोराबाळांचं विचारत. हळूहळू मीही बोलू लागले. एखाद्या मंगळवारी गाडी आली नाही तर मला चुकल्यासारखं वाटे. देणं लवकर फिटू नये असंही कधीकधी मनात येई. मालकांना मी हे कधी सांगितलं नाही.

रस्त्याची मापं घेणारी माणसं येऊन गेली, त्याच महिन्यात धाराशिवच्या एका गॅरेजवाल्यानं तो डबा नेला. पैसे हातात पडताच मालक म्हणाले, "मंगळवारची वाट बघू नकोस."

आम्ही दोघं स्टेशनावर गेलो. गाडीवाले टपावर बोचकी बांधत होते. उरलेली सगळी रक्कम मी हात उंचावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न मोजताच खिशात घातली. "मोजा," मालक म्हणाले. तेव्हा त्यांनी खाली उतरून, बॉनेटवर नोटा मांडून, सावकाश मोजल्या.

"पुरे आहेत, मिस्त्री. फिटलं समदं."