आत्यांची रोडस्टर

माझ्या बायकोच्या आत्या जन्माला आल्या त्याच मुळी तिसऱ्या गियरमध्ये, असं माझ्या अख्ख्या सासुरवाडीचं मत आहे. पंचाहत्तरी उलटली तरी त्यांना न्यूट्रलमध्ये कुणी पाहिलेलं नाही. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत भाजीवालासुद्धा हातगाडी भिंतीला चिकटवून उभी करायचा, कारण आत्या गाडी घेऊन कधी बाहेर पडतील याचा नेम नसे. बरं, वळायचं ते फक्त डावीकडे. उजव्या हाताचं दुकान गाठायला त्या तीनदा डावीकडे वळून कॉलनीला प्रदक्षिणा घालत. "ट्रॅकवर उजवीकडे वळणारा एकच निघाला," त्या सांगतात, "तो थेट उसात सापडला."

हा ट्रॅक म्हणजे त्यांच्या तरुणपणी गावाबाहेरच्या पडीक रानात मुरूम दाबून केलेलं अंडाकृती रिंगण. शर्यतीला पार चांदवडहून माणसं ट्रॅक्टर भरभरून यायची. आतोबांनी, म्हणजे आत्यांच्या यजमानांनी, भंगारातल्या मोटारीचं टप कापून त्यांना दोन माणसांपुरती उघडी गाडी करून दिली होती. तिला सगळे मोठ्या ऐटीत 'रोडस्टर' म्हणत. ब्रेक लागला तर लागला. तशीच दुसरी आतोबांनी स्वतःसाठी केली आणि तिथेच त्यांचं चुकलं. पदर खोचून, डोक्याला टॉवेल गुंडाळून आत्या शर्यतीत उतरायच्या. बाईमाणूस त्या एकट्याच.

एकदा शेवटच्या फेरीत हे जोडपंच सगळ्यांच्या पुढे होतं आणि आत्यांच्या डोळ्यांदेखत आतोबांची गाडी उलटली. आत्या थांबल्या, धावत जाऊन नवऱ्याला बाहेर ओढलं, तोवर मागचे सगळे निघून गेले. नवऱ्याचा हात मोडलाय हे कळल्यावरही त्या ओरडल्या, "उलटायचंच होतं तर माझ्या मागे तरी उलटायचं!" हे वाक्य आत्यांनी आतोबांना ते जाईपर्यंत ऐकवलं. थंडीत तो हात ठणकायला लागला, की शेकत मात्र त्याच बसायच्या.

गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्यांचं गाडी चालवणं बंद केलं. आता हे त्यांना सांगायचं कुणी? घरच्यांनी जावयाला पुढे केलं. मी अडखळत सांगितलं. आत्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"मग आजपासून तुम्ही चालवा, जावईबापू. ट्रॅक होता तिथे घ्या."

तिथे आता रो-हाउसच्या रांगा उभ्या आहेत. आत्या खाली उतरल्या. एका घराच्या ओट्यावर एक तरुण बाई फडक्याने खिडकी पुसत होती.

"घर छान आहे हो," आत्या म्हणाल्या.

"छान आहे, पण धूळ किती येते, आजी! दिवसातून दोनदा पुसते, तरी आहेच."

"येणारच," आत्या हळूच म्हणाल्या.

बाईने पाणी विचारलं. आत्या ओट्यावर टेकल्या. मी गाडी बंद केली. घाई कुणालाच नव्हती.