लताचे हात

“सातवीत हाये, गुरुजी,” मी धडधडीत खोटं बोलले आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या लेकीने, लताने, मान खाली घातली. तिला शाळेतून काढून वर्ष झालं होतं.

आज नातवाचा सदरा धुताना केळीच्या चिकाचा वास आला आणि ते आठवलं. मला चौथीपर्यंत शिकवणारे गुरुजी मंत्री होऊन फैजपूरजवळच्या आमच्या गावी शाळेची नवी खोली उघडायला आले होते. मला पुढे शिकवावं म्हणून हेच गुरुजी माझ्या बापाकडे तीनदा आले होते. त्यांना खरं सांगायला मला तोंड नव्हतं.

त्यांनी लताचे हात बघितले. केळीचे घड वाहून ते चिकाने काळे पडले होते.

“सातवीत? मग हे हात कोणत्या विषयाचे गं?”

लोक हसले. मीही हसले. गुरुजी हसले नाहीत. “शाळा सुटलेल्या मुलींची नावं आजच परत शाळेत घालतोय. हिचं घालू?”

“नको, जाते ना ती.”

लता माझ्याकडे बघत राहिली. गुरुजी गाडीत बसले. चारचौघांत माझी अब्रू राहिली, आणि लता अजून लोकांच्या केळीत मजुरीला जाते.